पाठवलेला मेल स्पॅममध्ये का जातो? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मेल स्पॅममध्ये पडतो, या एकाच तक्रारीची पत्रं या वेळी कोल्हापूर शहरासह शिरोली, इचलकरंजी आणि हुपरीहून आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. आधी एक सूचना. उत्तरांत डोमेनच्या, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या '@'नंतरच्या नावाच्या, तांत्रिक नोंदी येतात; त्यांना रेकॉर्ड म्हणतात. रेकॉर्डमधली अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची, आणि इथे जेवढी जागा सोडली आहे तेवढीच सोडायची.

प्रश्न : आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. कास्टिंगची कोटेशनं कंपनीच्या डोमेनवरून जातात. वर्षापूर्वी मेल गूगल वर्कस्पेसवर नेला, वेबसाइट मात्र जुन्याच होस्टिंगवर राहिली. तेव्हापासून दोन जुन्या ग्राहकांकडे आमचे मेल स्पॅममध्ये जातात. मुदत उलटून गेल्यावर 'कोटेशन का नाही पाठवलं' म्हणून फोन येतो. मजकुरात तर वावगं काहीच नसतं. मग असं का?
— फाउंड्रीचालक, शिरोली

मजकुरात दोष नसेलही. समोरचा सर्व्हर मजकुराकडे वळण्याआधी एक गोष्ट पडताळतो : ज्या डोमेनचं नाव लावून हा मेल आला, त्या डोमेनच्या मालकानेच तो पाठवला आहे का? याची खात्री पटली नाही, तर कोटेशन कितीही नेटकं असो, ते संशयित ठरतं. मेल एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवला आणि वेबसाइट मागेच राहिली, की नेमकी ही ओळख अर्धवट राहते. तुमच्या पत्रावरून तरी तसंच दिसतं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. कंपनीच्या खात्यातून घरातल्या कुणाच्याही साध्या जीमेलवर एक मेल पाठवा. तो मोबाइलवर न उघडता संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा. मेलच्या उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबं दाबून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (डोमेनची ओळख पटवणाऱ्या तीन तपासण्या, खुलासा खाली येतो) अशा ओळी दिसतील आणि प्रत्येकीपुढे 'पास', 'फेल', 'सॉफ्टफेल' किंवा असाच काही शेरा असेल. डीमार्कची ओळच दिसली नाही, तर ते रेकॉर्ड अजून कुणी घातलेलंच नाही असं समजा. फक्त 'पास' बघून थांबू नका. त्यापुढे डोमेन कुठलं लिहिलंय तेही वाचा. वर्कस्पेस घेतल्यावर तुम्ही काहीच केलं नसेल, तरी गूगल स्वतःच्या नावाने सही करतं. त्यामुळे डीकेआयएमपुढे 'पास' दिसतं, पण डोमेनच्या जागी शेवटी 'जीअ‍ॅप्सएसएमटीपी.कॉम' असलेलं लांबलचक नाव असतं. ती सही खरी असते, पण ती तुमच्या डोमेनची नसते. डीमार्कच्या हिशेबी तिचा उपयोग शून्य.

आता दुरुस्ती. डोमेनची डीएनएस नोंद, म्हणजे त्या नावाचा मेल आणि वेबसाइट कुठे आहे हे जगाला सांगणारी यादी, नेमकी कुठे चालते ते आधी शोधा. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं असतं आणि नेमसर्व्हर (ही यादी ठेवणारे सर्व्हर) दुसऱ्याच होस्टिंगचे असतात. नेमसर्व्हर जिथले, रेकॉर्ड तिथेच बदलायचे. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनलमध्ये तासन्‌तास बदल करून 'काही फरक पडत नाही' म्हणणारे बहुतेक जण इथेच चुकलेले असतात.

तिथे 'टेक्स्ट' प्रकारची रेकॉर्ड उघडा आणि 'व्ही=एसपीएफ१'ने सुरू होणारी किती आहेत ते मोजा. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवायला आपली परवानगी आहे, त्याची यादी. एका डोमेनला ही यादी एकच असावी लागते. होस्टिंगने पूर्वी घातलेलं जुनं रेकॉर्ड तसंच ठेवून गूगलचं दुसरं जोडलं, तर दोन्ही निकामी होतात. तपासणारा सर्व्हर 'पर्मएरर' असा शेरा मारतो आणि कुठलंच रेकॉर्ड धरत नाही. दोन्ही एकत्र करून एकच ओळ ठेवा :

व्ही=एसपीएफ१ आयपी४:(होस्टिंग सर्व्हरचा आयपी पत्ता) इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल

वेबसाइट स्वतःहून मेल पाठवत नसेल, तर आयपीचा भाग काढून टाका. बिलं किंवा डिलिव्हरी चलन पाठवणारं वेगळं सॉफ्टवेअर असेल आणि ते स्वतःच्या सर्व्हरवरून मेल सोडत असेल, तर त्या कंपनीने दिलेला 'इन्क्लूड' याच ओळीत, 'ऑल'च्या आधी घाला. ही ओळ तपासताना करावे लागणारे एकूण डीएनएस शोध दहापेक्षा जास्त होता कामा नयेत. एका 'इन्क्लूड'च्या पोटात आणखी 'इन्क्लूड' असले तर तेही यात मोजले जातात. थेट लिहिलेला आयपी पत्ता मोजला जात नाही. दहाच्या वर गेलात की पुन्हा तोच 'पर्मएरर'. 'ऑल'च्या आधी कुणी '+' लिहून ठेवलं असेल तर आजच्या आज काढा. त्याचा अर्थ, जगातल्या कुठल्याही सर्व्हरने आमच्या नावाने मेल पाठवावा, आमची हरकत नाही.

मग डीकेआयएम. ही प्रत्येक मेलवर होणारी डिजिटल सही. गूगलच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये अ‍ॅप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल असं आत गेल्यावर 'ऑथेंटिकेट ईमेल' सापडतं. २०४८ बिटची किल्ली तयार करा. डीएनएसमध्ये नावाच्या रकान्यात 'गूगल._डोमेनकी' आणि 'व्हॅल्यू'च्या रकान्यात ती लांब किल्ली. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. काही पॅनल नावापुढे तुमचं डोमेन आपोआप जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिलंत तर डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड कुणालाच सापडत नाही. दुसरं असं, की टेक्स्ट रेकॉर्डच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात आणि २०४८ बिटची किल्ली त्याहून मोठी असते. चांगलं पॅनल ती आपणहून तोडतं. नाही तोडली, तर अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून एकापुढे एक लिहायचे, मधलं एकही अक्षर न गाळता. शेवटी कन्सोलमध्ये परत येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबायचं. हे बटण दाबायचं विसरलं की रेकॉर्ड बिनचूक असूनही सही होत नाही. डीएनएसचा बदल सगळीकडे पोहोचायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात, तोवर घाईने पुन्हा पुन्हा बदल करू नका.

सगळ्यात शेवटी डीमार्क, म्हणजे एसपीएफ आणि डीकेआयएम यांपैकी काहीच तुमच्या डोमेनशी जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं, ही समोरच्या सर्व्हरला दिलेली सूचना. '_डीमार्क' या नावाने एक टेक्स्ट रेकॉर्ड :

व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:(अहवाल घेण्यासाठी तुमच्याच डोमेनवरचा पत्ता)

यातला 'डीमार्क१' हा शब्द मात्र इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचा. 'पी=नन' म्हणजे सध्या काही अडवू नका, फक्त अहवाल पाठवा. अहवाल दररोज येतात, पण कच्च्या रूपात वाचवत नाहीत. ते सोप्या तक्त्यात मांडून देणाऱ्या मोफत सेवा आहेत, त्यातली एखादी वापरा. तीन-चार आठवडे अहवाल बघितले की तुमच्या नावाने कुठून कुठून मेल जातात ते कळतं. यादीत हिशेबाचं सॉफ्टवेअर, ऑफिसचा स्कॅनर अशा विसरलेल्या जागा निघतात. त्या दुरुस्त झाल्यावरच पुढची पायरी 'क्वारंटाइन' (असा मेल स्पॅममध्ये टाका) आणि नंतर 'रिजेक्ट' (असा मेल घेऊच नका). पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावलंत, तर स्वतःचीच बिलं परत येतील.

जाता जाता एक आग्रहाची विनंती. डोमेन कंपनीच्या नावावर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवर नोंदलेलं आहे का, हे आजच बघा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात डोमेन असेल, तर वरचं एकही काम त्याच्या मर्जीशिवाय होणार नाही.

प्रश्न : आम्ही कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. साइट वर्डप्रेसवर आहे. ऑर्डर पक्की झाल्याचा मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जातो, आणि साइटवरच्या 'संपर्क' फॉर्मचे मेल तर आमच्याकडे येतच नाहीत. दोन्ही एकाच कारणाने होतंय का?
— चप्पल व्यावसायिक, कोल्हापूर

दोन वेगळी कारणं, पण मूळ एकच : मेल साइटचा सर्व्हर परस्पर सोडतोय.

वर्डप्रेस स्वतःहून पीएचपीच्या साध्या मेल सोयीने पत्र टाकतं. त्याला लॉगिन नसतं, बहुतेक वेळा तुमच्या डोमेनची सहीही नसते, आणि ज्या सर्व्हरवरून तो निघतो तिथे आणखी शेकडो अनोळखी साइट असतात. त्यातल्या एखादीने घाण केली की त्या आयपीची पत सगळ्यांसाठी घसरते. उपाय म्हणजे एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीचं) प्लगइन टाकून मेल तुमच्या खऱ्या मेलसेवेतून पाठवणं : पोर्ट ५८७, टीएलएस चालू, तुमच्या डोमेनवरचं खातं. गूगलचं खातं असेल तर नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी 'अ‍ॅप पासवर्ड' काढावा लागतो, किंवा प्लगइनची 'साइन इन विथ गूगल'सारखी सोय वापरावी लागते.

फॉर्मची चूक वेगळी. बरेच फॉर्म 'फ्रॉम'च्या जागी गिऱ्हाइकाचाच पत्ता घालतात. म्हणजे तुमचा सर्व्हर 'मी याहूवरचा अमुक' असं सांगत मेल पाठवतो. याहूने २०१४ पासून आपल्या डोमेनवर डीमार्कचं 'रिजेक्ट' धोरण लावलेलं आहे, त्यामुळे असा मेल दारातूनच परत जातो. 'फ्रॉम'मध्ये कायम तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा. गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला, म्हणजे उत्तर दाबलं की बरोबर त्याच्याकडेच जाईल.

तरीही फॉर्मचे मेल आले नाहीत तर होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडा. मेल दुसरीकडे हलवलेला असूनही तिथे 'लोकल मेल एक्स्चेंजर' निवडलेलं राहिलं, तर साइटचा सर्व्हर तुमच्या डोमेनचे मेल बाहेर पाठवतच नाही. ते स्वतःच्याच पोटातल्या जुन्या, कुणी न उघडणाऱ्या खात्यात टाकतो. 'रिमोट मेल एक्स्चेंजर' करा. आणि ते जुनं खातं एकदा उघडून बघा, कित्येक महिन्यांच्या चौकश्या तिथे पडलेल्या असू शकतात.

सणासुदीच्या जाहिराती मात्र ऑर्डरच्या पत्त्यावरून पाठवू नका. त्यांच्यासाठी उपडोमेन घ्या. जाहिरातीला कंटाळून कुणी 'स्पॅम' दाबलं, तर त्याची झळ ऑर्डरच्या मेलला कमी लागते.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे सुमारे चार हजार सभासद आहेत. वार्षिक सभेची सूचना आणि अहवाल संस्थेच्या जीमेल खात्यातून बीसीसी करून पाठवतो. मध्येच खातं बंद पडतं, आणि ज्यांना जातो त्यातल्या निम्म्यांना दिसत नाही. काय करावं?
— व्यवस्थापक, सहकारी पतसंस्था, कोल्हापूर

खातं बंद पडतं ते मर्यादेमुळे. साध्या जीमेलला दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येतो. एकाच मेलमध्ये शेकडो पत्ते बीसीसीत घालणं ही स्पॅम टाकणाऱ्यांचीही पद्धत, त्यामुळे फिल्टर सावध होतो. जीमेलचाच पत्ता 'फ्रॉम'मध्ये ठेवून एखाद्या घाऊक मेलसेवेतून पाठवणं तर आणखी वाईट. त्या सेवेचा सर्व्हर गूगलचा नसतो, त्यामुळे डीमार्क जुळत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेलचे नियम कडक केले, आउटलुक.कॉम आणि हॉटमेलसाठी मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून तसेच आणले. गूगलच्या लेखी दिवसाला जीमेलवर सुमारे ५,००० मेल पाठवणारा तो घाऊक, आणि हा शिक्का एकदा बसला की पुसला जात नाही. तुम्ही त्या आकड्याच्या थोडे खाली आहात, पण आताच त्यांच्या पद्धतीने चाललात तर सभासद वाढल्यावर अडणार नाही.

संस्थेचं स्वतःचं डोमेन घ्या. वर फाउंड्रीच्या उत्तरात सांगितलेली तिन्ही रेकॉर्ड घाला. पाठवण्यासाठी घाऊक सेवा निवडा. झोहो कॅम्पेन्स, ब्रेव्हो, अ‍ॅमेझॉन एसईएस अशा अनेक आहेत. ती सेवा डीकेआयएमची जी रेकॉर्ड देईल ती जशीच्या तशी डीएनएसमध्ये घालायची. अ‍ॅमेझॉन तीन सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणारी) रेकॉर्ड देतं. प्रत्येक सभासदाला स्वतंत्र मेल जातो, बीसीसीची गरजच उरत नाही. मेलमध्ये 'नाव वगळा' ही एका क्लिकची सोय ठेवा, नुसती तळाला बारीक अक्षरांतली लिंक नको. घाऊक सेवेत 'वन-क्लिक अनसबस्क्राइब' चालू केलं की जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच तो पर्याय दिसतो. नाव वगळायची विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे. ही सोय देताना संकोच करू नका. ज्याला बाहेर पडायची वाट सापडत नाही तो 'स्पॅम' दाबतो, आणि ते संस्थेला फार महाग पडतं. स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाता कामा नये, शक्यतो ०.१ टक्क्याच्या खालीच राहावं, असं गूगल सांगतं. चार हजार मेलांत ०.३ टक्के म्हणजे अवघे बारा जण. हे प्रमाण गूगलच्या 'पोस्टमास्टर टूल्स'मध्ये मोफत बघता येतं. डोमेनची मालकी एका टेक्स्ट रेकॉर्डने सिद्ध करावी लागते. फार थोडे मेल जात असतील तर तिथे आकडे दिसत नाहीत.

नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी चार हजार मेल सोडू नका. ज्याचा काही पूर्वेतिहास नाही असं डोमेन एकदम हजारो मेल टाकू लागलं, तर कुठलाही फिल्टर ते अडवणारच. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तेव्हा जुलैपासूनच सुरुवात करा. पहिल्यांदा संचालक, कर्मचारी आणि नेहमी उत्तर देणारे सभासद असे शंभर-दोनशे. मग दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट. निमित्त म्हणून 'आपला नोंदलेला पत्ता बरोबर आहे का, कळवा' असं दोन ओळींचं पत्र उत्तम. लोक त्याला उत्तर देतात, आणि उत्तर येणं ही डोमेनच्या बाजूने मोठी साक्ष असते.

त्याच फेरीत यादीही साफ होते. ५५० सारख्या पाचशेच्या आकड्याने परत आलेला मेल म्हणजे बहुधा पत्ताच अस्तित्वात नाही, तो त्याच दिवशी यादीतून काढा. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे तात्पुरती अडचण, पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. अर्जावरचे हाताने लिहिलेले पत्ते संगणकावर चढवताना 'जीमेल.कॉम'चं 'जीमेल.कॉ' झालेलं असतं, असे पत्ते शोधून दुरुस्त करा. आणि कुणी पत्त्यांची तयार यादी विकायला आलं तर ठाम नकार द्या. असल्या यादीत स्पॅम पकडण्यासाठीच पेरलेले पत्ते असतात, एकाच मेलने डोमेनचं नाव खराब होतं.

अहवालाची जड पीडीएफ मेलला जोडू नका. संस्थेच्या साइटवर ठेवून लिंक द्या. सभासदाचा खाते क्रमांक, पॅन वगैरे मेलमध्ये घालू नका. सभेची सूचना कोणत्या मार्गाने द्यायची हे तुमच्या उपविधीत असतं, ते सोडून केवळ मेलवर विसंबू नका.

प्रश्न : 'मोफत', 'सवलत', 'ऑफर' हे शब्द टाळले की मेल स्पॅममध्ये जात नाही, असं ऐकलं. मराठीतल्या अशा शब्दांची यादी मिळेल का?
— जाहिरात व्यावसायिक, राजारामपुरी

अशी पक्की यादी नाही, आणि एखाद्या शब्दामुळे प्रामाणिक मेल अडत नाही. पण मराठी मेलच्या बाबतीत दोन गोष्टी खरोखर नडतात, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

पहिली म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर. छापखान्याच्या संगणकावर तो मराठी दिसतो, पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तो उचलून मेलमध्ये चिकटवला की वाचणाऱ्याला अर्थहीन अक्षरांची रांग दिसते, आणि फिल्टरलाही तेवढीच दिसते. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला, मगच मेलमध्ये घ्या. विषयाच्या ओळीत हे विशेष जपा, कारण तिथे फॉन्ट बदलायची सोयच नसते.

दुसरी, कोरलड्रॉमध्ये केलेलं हस्तपत्रक जेपीजी करून तेवढंच एक चित्र मेलमध्ये टाकणं. मजकूर चित्रात दडवायची युक्ती स्पॅम टाकणारे फार पूर्वीपासून वापरत आले आहेत, म्हणून नुसत्या चित्राचा मेल सुरुवातीलाच मागे पडतो. पाच-सहा वाक्यं साध्या अक्षरांत लिहा, चित्र खाली लहान ठेवा, आणि चित्राला पर्यायी मजकूर द्या. लिंक आखूड करणाऱ्या सेवा टाळा, तुमच्या डोमेनची पूर्ण लिंक द्या. दिसणारा पत्ता एक आणि उघडणारा दुसरा, असं कदापि नको.

प्रश्न : ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर आहे. ब्रॉडबँडवरून मेल जातात. अलीकडे '५५०' आणि पुढे 'स्पॅमहाउस' असं लिहून मेल परत येतात. यादीतून नाव काढायचे पैसे मागणारा एक जण भेटला. द्यावेत का?
— सूत व्यापारी, इचलकरंजी

एक पैसाही देऊ नका. स्पॅमहाउस ही संशयित आयपी पत्त्यांच्या याद्या ठेवणारी संस्था आहे, ती नाव काढायचे पैसे घेत नाही.

परत आलेल्या मेलमध्ये यादीचं नाव असतं, ते वाचा. 'पीबीएल' असेल तर तुम्ही काही वाईट केलंय असं नाही. घरगुती आणि बदलत्या आयपीच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल सोडू नये, म्हणून तसे आयपी त्या यादीत असतातच. 'एक्सबीएल' किंवा 'सीएसएस' असेल तर काळजीचं आहे. ऑफिसातला एखादा संगणक व्हायरसने पछाडलेला असून तो गुपचूप स्पॅम सोडत असण्याची शक्यता दाट. तो शोधून साफ केल्याशिवाय नाव काढायचा अर्ज केलात, तर काही तासांत पुन्हा त्याच यादीत याल. राउटरवर पोर्ट २५ मेल सर्व्हर सोडून बाकी सगळ्यांना बंद करा. दोषी संगणक लॉगमध्ये आपोआप उघडा पडतो.

पुढचा मार्ग साधा आहे. सर्व्हर ठेवा, पण बाहेर जाणारे मेल एखाद्या मेलसेवेच्या रिलेतून पोर्ट ५८७ने सोडा. थेटच सोडायचे असतील तर स्थिर आयपी घ्या आणि त्याचं उलटं रेकॉर्ड, म्हणजे पीटीआर, इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून सर्व्हरच्या नावाने करून घ्या. ते तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये होत नाही. आयपीवरून नाव आणि नावावरून तोच आयपी, असं दोन्हीकडून जुळलं पाहिजे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या पत्त्यावर येणारे मेल मी माझ्या जीमेलवर फॉरवर्ड करून घेते. काही मेल नीट येतात, काही स्पॅममध्ये. पाठवणाऱ्यांची चूक की माझी?
— प्राध्यापिका, कोल्हापूर

चूक कुणाचीच नाही, फॉरवर्डिंगचा स्वभावच तसा आहे. मेल महाविद्यालयाच्या सर्व्हरवरून पुढे निघाला, की जीमेलला तो मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसलेल्या सर्व्हरवरून आलेला दिसतो. एसपीएफ तिथेच मोडू शकतो. डीकेआयएमची सही मात्र मेलसोबत प्रवास करते. म्हणून ज्यांनी सही लावलेली आहे त्यांचे मेल बरोबर पोहोचतात, बाकीचे अडकतात. महाविद्यालयाचा सर्व्हर मेलच्या तळाला सूचना किंवा विषयाच्या ओळीत 'बाहेरचा मेल' असा शेरा जोडत असेल, तर सहीही तुटते. ते बंद करायला संगणक विभागाला सांगता येईल. सगळ्यात निर्धोक म्हणजे फॉरवर्ड बंद करून महाविद्यालयाचं खातं फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये आयमॅपने जोडणं.

प्रश्न : आमच्या नावाने कुणीतरी ग्राहकांना 'बँक खातं बदललंय, पैसे इथे भरा' असे मेल पाठवले. आमच्या मेलवर अशाने स्पॅमचा शिक्का बसेल का? आणि हे थांबवायचं कसं?
— चांदी व्यावसायिक, हुपरी

शिक्का बसू शकतो. आधी तो बनावट मेल एखाद्या ग्राहकाकडून मूळ रूपात मागवून 'फ्रॉम'मधलं डोमेन अक्षर अक्षर वाचा. डोमेन तुमचंच असेल, तर डीमार्क 'रिजेक्ट'पर्यंत न्या. बहुतेक मोठ्या मेलसेवा मग असे मेल स्वीकारतच नाहीत. घेऊन ठेवलेली पण मेलसाठी न वापरलेली डोमेन असतील, त्यांनाही 'व्ही=एसपीएफ१ -ऑल' (म्हणजे कुणालाच परवानगी नाही) आणि डीमार्क 'रिजेक्ट' लावा; चोर अशीच पडून असलेली नावं हेरतात. एखादं अक्षर बदलून केलेलं नकली डोमेन असेल, तर तुमचं कुठलंच रेकॉर्ड त्याला अडवत नाही. तिथे ग्राहकांना फोनवरून सांगणं, आणि 'खातं बदलल्याचं आम्ही मेलवर कधीच कळवत नाही' असं बिलावर छापणं, हेच उपाय. डोमेन तुमचंच असून मेल खरोखर तुमच्याच खात्यातून गेले असतील, तर पासवर्ड ताबडतोब बदला, टू-स्टेप लावा आणि खात्यातले फॉरवर्डिंगचे नियम तपासा. चोर तिथे स्वतःचा पत्ता पेरून ठेवतात आणि पासवर्ड बदलल्यावरही मेल वाचत राहतात. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : आमच्या बाजूने सगळं 'पास' आहे. तरी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला मेल मिळत नाही. आता त्यांना काय करायला सांगू?
— मशीन शॉपचालक, शिवाजी उद्यमनगर

त्यांचा मेल मायक्रोसॉफ्ट ३६५वर असेल, तर तुमचा मेल त्यांच्या जंक फोल्डरमध्येही दिसणार नाही, असं होऊ शकतं. तो 'क्वारंटाइन'मध्ये असू शकतो, आणि तिथून तो बहुधा त्यांच्या आयटी विभागालाच सोडवता येतो. खरेदी अधिकाऱ्याला नुसतं 'मेल आला नाही' असं सांगून उपयोग होत नाही. मेल पाठवल्याची तारीख, वेळ, विषय आणि 'शो ओरिजिनल'मधला मेसेज आयडी त्यांच्या आयटीकडे द्या; त्यावरून मेल कुठे आणि कुठल्या नियमाने अडला हे त्यांना काही मिनिटांत सापडतं. ड्रॉइंग झिप करून, त्या झिपला पासवर्ड लावून पाठवत असाल तर ते आधी थांबवा, कारण आत काय आहे हे तपासता येत नसल्याने बऱ्याच कंपन्या अशा फाइल सरसकट अडवतात. ग्राहक जीमेलवर असेल तर त्याने मेल उघडून 'रिपोर्ट नॉट स्पॅम' दाबावं, तुमचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घ्यावा आणि त्या पत्त्यासाठी 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' असा फिल्टर लावावा. हे ३० दिवसांच्या आत करायला हवं. त्यानंतर जीमेल स्पॅममधला मेल कायमचा काढून टाकतं.